उताणी, उपडी आणि काय की

बेळगाव जिल्ह्यात खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या जुन्या घरांच्या सोप्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत अजूनही खडूने आखलेला पाच बाय पाचचा पट सापडतो. पंचवीस घरं. चारी बाजूंच्या मधल्या घरात फुली, आणि एक फुली अगदी मध्यावर. खेळ चौकाबारा. त्याला फासा लागत नाही, चार कवड्या पुरतात. कवड्या नसल्या तर चिंचोके आहेतच: खडबडीत दगडावर पाण्याचा थेंब टाकून एक बाजू पांढरी होईपर्यंत घासायची, दुसरी तपकिरी ठेवायची. पांढरी वर आली की उताणी, तपकिरी वर आली की उपडी. एक उताणी पडली तर एक घर, दोन पडल्या तर दोन, तीन पडल्या तर तीन. चारी उताण्या पडल्या तर चार, आणि चारी उपड्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडलं की पुन्हा टाकायला मिळतं.

दहावीच्या गणितातला संभाव्यतेचा धडा या पटावर जवळजवळ अख्खा मांडता येतो. तरी पुस्तक गणितं घालतं पत्त्यांच्या बावन्न पानांवर. ज्या घरात पत्त्यांना हात लावला तर पाठीत धपाटा बसतो, तिथल्या मुलीने इस्पिकची राणी निघण्याची संभाव्यता काढायची, आणि ती आधी इस्पिक म्हणजे काळं की लाल इथेच अडते. गणित तिला येतं, पत्ते येत नाहीत. आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेलं तर तिथल्या दशावतारी गंजिफात पानं १२०, रंग दहा आणि प्रत्येक रंगात बारा पानं. तिथे राजा निघण्याची संभाव्यता बारात एक. पानं बदलली, उत्तर बदललं, रीत तीच राहिली. म्हणून जी वस्तू मुलांच्या हातात आहे तिच्यापासून सुरुवात केलेली बरी.

चौकाबाऱ्याच्या एका टाकात चार पडण्याची शक्यता किती, असं वर्गात विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: पाचात एक. कारण टाकात एक, दोन, तीन, चार आणि आठ, असे पाचच निकाल दिसतात. उत्तर चुकीचं आहे, पण मूर्खपणाचं नाही. पाच वस्तू दिसल्या, पाच मोजल्या. मोजण्याआधी विचारायचा प्रश्न तेवढा राहून गेला: हे पाचही सारख्या वजनाचे आहेत का?

ते कसं पाहायचं? चारी चिंचोक्यांवर पेनाने अ, ब, क, ड लिहा. आता प्रत्येकाला दोन वाटा आहेत, उताणी किंवा उपडी. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे सोळा. वहीवर वृक्षाकृती काढून सगळ्या सोळा फांद्या एकदा तरी हाताने लिहाव्यात, सूत्र नंतर. मग एकेक गठ्ठा वेगळा करायचा. एकही उताणी नाही, असा प्रकार एकच. एकच उताणी, असे चार: अ, किंवा ब, किंवा क, किंवा ड. दोन उताण्या, असे सहा: अब, अक, अड, बक, बड, कड. तीन उताण्या, पुन्हा चार, कारण तीन उताण्या म्हणजे एक उपडी, मोजणी तीच. चारी उताण्या, एक. बेरीज सोळा आली का ते पाहायचं. नाही आली तर काहीतरी सुटलंय किंवा दोनदा मोजलंय, आणि बहुतेक वेळा गडबड त्या सहाच्या गठ्ठ्यात असते, कारण अब लिहिलेल्या मुलाने पुढे बअ हेही लिहिलेलं असतं.

म्हणजे चार पडण्याची संभाव्यता सोळात एक. आठ पडण्याचीही तेवढीच. आणि दोन पडण्याची सोळात सहा. पटावर बसणाऱ्या आज्यांना हे सूत्राविना ठाऊक असतं. मागून येणाऱ्या परक्या सोंगटीच्या दोन घरं पुढे थांबायला त्या कां कूं करतात, तीन घरांवर त्यामानाने निर्धास्त असतात. सहा आणि चार यांतला फरक त्यांनी बोटांवर नाही, मार खाऊन मोजलेला असतो.

ही पाचात एकवाली चूक मोठमोठ्यांनी केली आहे. फ्रान्सचा गणिती दालाँबेर याने १७५४ साली विश्वकोशात लिहिलं की नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा येण्याची शक्यता तीनात दोन. पहिल्यांदाच छापा आला तर खेळ संपला, दुसऱ्यांदा आला तर संपला, आलाच नाही तर हरलो, असे तीन शेवट त्याने धरले. पण पहिला शेवट एकटाच निम्मं वजन खातो, उरलेले दोन पाव-पाव. खरं उत्तर चारात तीन. त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी गॅलिलिओपुढे तीन फाशांचा प्रश्न आला होता. बेरीज नऊ येण्याचे प्रकार सहा, दहा येण्याचेही सहा, मग खेळणाऱ्यांना दहा जास्त वेळा का दिसतो? कारण ते सहा प्रकार सारखे नव्हेत. १, २, ६ हे तीन फाशांवर सहा रीतींनी बसतं, १, ४, ४ हे तीनच रीतींनी, आणि ३, ३, ३ एकाच रीतीने. सगळं मांडलं की २१६ पैकी नऊला २५ आणि दहाला २७. एवढा बारीक फरक डोळ्यांना जाणवावा म्हणजे ती माणसं किती खेळत असतील याचा अंदाज करावा.

मोजण्याचं शास्त्र तर आपल्या शेजारचंच आहे. कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड, म्हणजे राष्ट्रकूटांचं मान्यखेट. तिथल्या अमोघवर्ष राजाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त दिलेल्या वस्तूंतून ठरावीक वस्तू किती प्रकारे निवडता येतात याचा सर्वसाधारण नियम दिला. चारातून दोन निवडायचे ते सहा प्रकार त्याच नियमाने निघतात: चार गुणिले तीन, भागिले दोन. भागिले दोन कशासाठी, तर अब आणि बअ एकच म्हणून. तो भागाकार विसरणं आणि नको तिथे करणं, मोजणीतल्या निम्म्याअधिक चुका या दोनच.

आता सोळा प्रकार सारखे मानले ते कशाच्या जोरावर? चिंचोका उताणा आणि उपडा सारख्याच वेळा पडतो, असं गृहीत धरून. हे गृहीत नाण्याला बरंचसं शोभतं. चिंचोक्याला शोभेलच असं नाही, आणि कवडीला तर विचारूनच घ्यावं लागतं. कवडीची पाठ फुगीर, तोंडाची बाजू सपाट. यल्लम्माच्या जोगतिणींच्या गळ्यातल्या माळेतल्या चार कवड्या शेजारी ठेवून पाहिल्या तरी चौघींची ठेवण वेगळी दिसते. तेव्हा एकेक कवडी घेऊन शंभर वेळा टाका. हातात नुसती धरून सोडायची नाही, वाटीत खुळखुळवून सतरंजीवर टाकायची. फरशीवर टाकली तर ती उसळते आणि निकाल बदलतो, त्यामुळे जिथे खेळणार तिथेच चाचणी घ्यायची. पाच-पाचच्या खुणांनी नोंद ठेवायची, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. शंभरात ४० ते ६० उताण्या आल्या तर लगेच कवडीला खोटी ठरवू नये, खरं नाणंसुद्धा शंभरातल्या सुमारे ९६ खेपांना याच पट्ट्यात राहतं. ७० आल्या तर मात्र कवडीचा कल उघड आहे.

समजा, कवडी दहात सहा वेळा उताणी पडते. चारी उताण्या पडण्याची शक्यता ०.६ चारदा गुणून ०.१२९६, म्हणजे शंभरात जवळजवळ तेरा. चारी उपड्या: ०.४ चारदा गुणून ०.०२५६, शंभरात अडीच. सम चिंचोक्यांत चार आणि आठ बरोबरीने पडत होते, इथे चार आठाच्या पाचपट. कवडीचा कल एवढासा, पण चारदा गुणल्यावर तो असा फुगतो. चारी उपड्या पडल्या तर आठ घरं द्यायची असं ज्यांनी ठरवलं, त्यांच्या कवड्या बहुधा उताण्या पडायला उत्सुक असाव्यात. हा आपला तर्क, पुरावा नाही.

काही घरांत आणखी एक नियम असतो: चार किंवा आठ पडल्याशिवाय सोंगटी निघतच नाही. सम चिंचोक्यांत ही शक्यता सोळात दोन, म्हणजे आठात एक. “मग आठ टाकांत एकदा येणारच की!” असं पोरं म्हणतात. आठात एक आठ वेळा मिळवलं की एक पूर्ण होतो, हिशेब संपला. पण मग नवव्या टाकाला शक्यता एकाहून जास्त होईल, आणि एकाहून जास्त शक्यता जगात नसते. बेरीज इथे चालत नाही, कारण आठ टाकांपैकी दोनदा-तीनदा चार पडलं तर तीच खेप पुन्हापुन्हा मोजली जाते. अशा वेळी ‘नाही’च्या वाटेने जावं. एका टाकात न येण्याची शक्यता आठात सात. आठही टाकांत न येण्याची शक्यता: सात अष्टमांश आठ वेळा गुणा, ०.३४ येतात. म्हणजे तीनातल्या एका खेळाडूची सोंगटी आठ टाकांनंतरही घरातच. ‘निदान एकदा’ हे शब्द प्रश्नात दिसले की उलट बाजू मोजायची आणि एकातून वजा करायची, ही सवय एकदा लागली की अर्धा धडा सुटतो.

या भागातल्या मराठीत अनिश्चिततेच्या पायऱ्या फार बारीक आहेत. पाऊस ‘येणारच की’, ‘येईल’, ‘येतोय वाटतं’, ‘बघू’, ‘काय की’, आणि शेवटी ‘कुठला येतोय!’ शेजारचा कन्नड माणूस ‘नोडोण’, म्हणजे ‘बघू’, म्हणून मधली पायरी धरतो. पुस्तकात हेच शून्य ते एक या पट्टीवर बसवायचं असतं. पट्टीचं नाव मराठीत संभाव्यता, कन्नडमध्ये संभवनीयते, मुलं दोन्हीकडे चान्स म्हणतात. ‘काय की’ला अर्धा द्यायची घाई मात्र करू नये. पाऊस येईल किंवा येणार नाही, दोनच गोष्टी, म्हणून पन्नास टक्के, हा युक्तिवाद जुलैत मलप्रभेच्या उगमाशी, कणकुंबीला उभं राहून करून पाहावा. छत्रीवाला हसेल. तोच युक्तिवाद अथणीच्या माळावर केला तर तिथला शेतकरी हसेल, वेगळ्या कारणाने. एकाच जिल्ह्यात दोन टोकं असताना ‘दोन शक्यता म्हणजे निम्मी-निम्मी’ ही चूक इथल्या मुलांनी तरी करू नये.

सारखेपणाचं गृहीत कुठे मोडतं याचा सगळ्यात गोड नमुना शाळेच्या हजेरीपटात आहे. २३ जणांच्या वर्गात कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, आणि ४० जणांत ८९ टक्के. ऐकणाऱ्याला पटत नाही, कारण तो आपल्या वाढदिवसाशी जुळणारा शोधतो. जोड्या मोजा: २३ जणांच्या २५३ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडी एकदा नशीब आजमावते. आता हाच प्रयोग आजोबांच्या पिढीच्या दाखल्यांवर करा. गणिताची गरजच उरत नाही, कारण निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं निघतं. जन्माची नोंद नव्हती, गुरुजींनी शाळा सुरू व्हायच्या सुमाराची तारीख टाकली. ३६५ दिवस सारखे मानणारं सूत्र या कागदांपुढे हात टेकतं.

वाढदिवस विचारायला संकोच वाटत असेल तर रस्त्यावर गाड्यांच्या पाट्या आहेत. शेवटचे दोन अंक घ्यायचे, ०० ते ९९. सलग तेरा गाड्या लिहिल्या की त्यांत दोघींचे शेवटचे दोन अंक जुळण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के, वीस गाड्यांत ८७. तेरा गाड्यांच्या ७८ जोड्या होतात, प्रत्येकीला शंभरात एक संधी. मुलांनी दहा-दहा खेपा करून फळ्यावर मांडाव्यात. नोंद घेताना एक गोष्ट सांभाळायची, बसथांब्यावर उभी असलेली तीच रिक्षा दोनदा लिहायची नाही. पाटीच्या सुरुवातीची अक्षरं घेतली तर वेगळाच धडा मिळतो. केए-२३ म्हणजे चिकोडी, केए-२२ बेळगाव, एमएच-०९ कोल्हापूर. यांचं प्रमाण काढायला कोगनोळीच्या टोलनाक्यावर उभं राहिलात तर एक उत्तर येईल, निपाणीच्या बाजारात दुसरं आणि एखाद्या आडगावच्या दूध डेअरीसमोर तिसरं. तिन्ही मोजण्या बरोबर, फक्त प्रश्न तीन वेगळे.

नाण्याबद्दल थोडं. पाच वेळा छापा आला की सहाव्यांदा काटा येणारच, असं मानणारा माणूस नाण्याकडे उधारीची वही आहे असं समजतो. तशी वही नसते. पाच वेळा छापाच छापा आणि छापा-काटा-छापा-छापा-काटा, दोन्ही क्रमांची संभाव्यता बत्तिसात एक. वर्गात एक मजा करता येते. अर्ध्या मुलांनी खरोखर शंभर वेळा नाणं उडवून निकाल लिहावा, उरलेल्यांनी मनानेच शंभर निकाल लिहावेत, आणि कागदांवर नावं घालू नयेत. शिक्षकाने येऊन सलग सारखे निकाल शोधावेत. खऱ्या शंभर फेकींत कुठेतरी सलग पाच सारखे येण्याची शक्यता ९७ टक्के, सलग सहा येण्याची सुमारे ८० टक्के. मनाने लिहिणारा तीनपुरताच धीर धरतो, चौथ्याला त्याचा हात आपोआप वळतो. बहुतेक खोटे कागद असेच पकडले जातात.

‘सहात एक’ आणि ‘एकास पाच’ ही एकाच फाशाची दोन रूपं. पहिल्यात अनुकूल भागिले एकूण, दुसऱ्यात अनुकूल आणि प्रतिकूल समोरासमोर. एकास पाच वाचून एक पंचमांश लिहिणारे दरवर्षी भेटतात. दोन्ही बाजूंची बेरीज करायची, तो छेद. हा फरक बाजारातही कामाला येतो. कर्नाटकात २००७ पासून लॉटरी बंद आहे, महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ पासून चालू, आणि आकड्याचा धंदा सीमेच्या दोन्ही बाजूंना चोरून. शून्य ते नऊ असे दहा आकडे, आणि लागलेल्या आकड्याला रुपयाला नऊ रुपये हातात, असं समजू. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा गेले, नऊ आले. कोणता आकडा ‘तापलाय’ याची चर्चा कितीही रंगली तरी रुपयामागे दहा पैशांची गळती सुटत नाही.

संभाव्यतेचा इथला खरा वापर करतो तो शेतकरी, जूनच्या तोंडावर. घरचं सोयाबीन बियाणं वापरायचं तर तो उगवण तपासतो. ओलं गोणपाट पसरायचं, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं, आणि सहा-सात दिवसांनी सोडून धडधाकट मोड मोजायचे. पोत्याच्या तोंडाशी असलेलं बी घेऊन चाचणी केली तर ती त्या वरच्या बियांची चाचणी. वरून, मधून, तळातून मूठमूठ घ्यावं लागतं. सोयाबीनला ७० टक्के उगवण किमान मानतात. पण शंभरात ७० मोड आले म्हणजे पोत्याची उगवण नेमकी ७० असं नव्हे, ती ६१ ते ७९ मध्ये कुठेही असू शकते. बी चारपट, म्हणजे ४००, घेतलं तर ही चूक निम्म्यावर येते. प्रयोगशाळेत म्हणूनच चारशे बियांवर चाचणी करतात.

आता टोकण. उगवण ७० टक्के असलेल्या बिया एका जागी दोन टाकल्या तर दोन्ही न उगवण्याची शक्यता ०.३ गुणिले ०.३, शंभरात नऊ. तीन टाकल्या तर शंभरात तीनही नाहीत. हजार जागी दोन-दोन बिया टोकल्या तर नव्वदेक जागा रिकाम्या राहाव्यात. हा गुणाकार ‘एका बीचं दुसरीला काही ठाऊक नाही’ या बोलीवर केलेला आहे. पेरणीनंतर जोराचा पाऊस पडून लगेच कडक ऊन पडलं की काळ्या जमिनीवर कवच धरतं, आणि त्याखाली एक बी अडकलं तर शेजारचंही अडकतं. मग दोन टाका नाहीतर तीन, रिकाम्या जागा शंभरात नऊवरून तिसाकडे, त्याहूनही वर जातात.

म्हणून पंधरवड्याने वाटीत बी घेऊन नांगे, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, भरायला शिवारात उतरल्यावर आधी बांधावर उभं राहून ते कसे पडलेत ते पाहतात. इथे एक, तिथे एक असे विखुरलेले असतील तर दोष बियाण्याचा. सलग पट्ट्याने असतील तर जमिनीचा, आणि तिथे नवं बी टाकण्याआधी कवच फोडावं लागतं.